काळी अवरी आणि कोमट पाणी

सोलापूरकडच्या एका घरात दोन पिढ्या जपलेलं बियाणं मी एका संध्याकाळी स्वच्छ धुऊन टाकलं. साबण लावला नाही, एवढंच. हे मी सुरुवातीलाच सांगून मोकळी होते. परत आल्यापासून मैत्रिणींना या प्रवासाची हकिगत सांगताना मी चुलीवरची भाकरी, रानातला गारठा वगैरे सगळं रंगवून सांगते आणि बियाण्याचा भाग जवळ आला की चहा ठेवायला उठते. लिहिताना तसं उठता येत नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी एका संस्थेत स्वयंसेवक झाले. गावोगावची पिकं, झाडंझुडपं आणि त्यांच्याबद्दल तिथल्या माणसांना जे ठाऊक आहे ते लिहून ठेवायचं, असं त्या संस्थेचं काम. त्यांनी मला एक जाडजूड नोंदवही दिली. तिच्यात रकाने आखलेले होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग, माहिती देणारी व्यक्ती, बियाण्याची उपलब्धता, आणि सर्वांत शेवटी 'धोके'. या शेवटच्या रकान्याशी आपला पुढे घरोबा होणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

कुठे जायचं ते मल्लिनाथांनी ठरवलं. मल्लिनाथ आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचसामान, सूक्ष्मदर्शक आणि मी, अशा तीन नाजूक वस्तू त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळल्या. निवृत्तीनंतर ते मंद्रूपजवळच्या आपल्या शेतावर राहायला गेले. एक दिवस त्यांचा फोन आला. "म्याडम, येळवशीला या की आमच्याकडं. वहीत लिहायला तुमाला लई मिळंल."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या घरी अमावस्येला आई साधी चप्पलसुद्धा विकत घेऊ देत नसे, प्रवास तर दूरच. तिकडे मात्र त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळी माणसं नवी लुगडी नेसून रानात जेवायला गेलेली असतात. हे ऐकून मी तिकीट काढलं आणि खरेदीला लागले.

सात रस्ता

खरेदीत मी भिंग, रुंद काठाची टोपी, नमुने ठेवायच्या पिशव्या आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले. बूट पिशवीत मावेनात, म्हणून मी ते पायातच घातले. मल्लिनाथ मोटारसायकल घेऊन सात रस्त्यावर येणार होते. डिसेंबरच्या कोरड्या ठणठणीत सकाळी, सोलापूरच्या भर चौकात, मी बूट घालून त्यांची वाट पाहत उभी राहिले. शेजारच्या टपरीवरच्या चहावाल्याने माझ्याकडे डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "कुटं पाणी भरलंय का हो, म्याडम?"

मी त्याच्याकडे चहा घेतला, कारण तशा बुटांत लांब जाणं शक्य नव्हतं. पण तिथे पंधरा मिनिटं बसल्याचा फायदा झाला. त्याने एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत गप्पा मारल्या, दुसऱ्याला दखनीत "पैले का पैसा देव मियाँ" म्हणून हटकलं, कुणाचा तरी फोन आला तो कन्नडमध्ये घेतला आणि मला मराठीत साखर विचारली. चहा गाळता गाळता हे सगळं चाललं होतं, आणि आपण काही विशेष करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मला एक मराठी आणि थोडी ऐटीपुरती इंग्रजी येते, आणि ती इंग्रजी मी निवृत्त होईपर्यंत मिरवली. एवढ्या भाषा एका टपरीवर, हे लिहायला मी वही उघडली, तर तिच्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

मल्लिनाथ आले. बूट पाहून त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही कला साधली होती. वाटेत त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली. "घरच्यांसाटी न्हाय हां ही," ते म्हणाले. "तुमच्यासाटी. आमचं जेवण तिखट हाय. तुमाला झेपलं न्हाय तर असावी म्हणून." चटणी त्याहून तिखट निघाली, हे नंतर कळलं.

मंद्रूपच्या पुढे

विजापूर रस्त्याने मंद्रूप ओलांडलं की तीनेक किलोमीटरवर मल्लिनाथांचं शेत आहे. चारी बाजूंना ऊस, मध्ये त्यांची जोंधळ्याची काळी पट्टी, विहीर, आणि दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. घरात ते, त्यांची बायको सुमित्रा आणि थोरली बहीण नागव्वा राहतात. मुलं दोन, दोघं शहरात नोकरीला. नागव्वांना सगळे आक्का म्हणतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली, कपाळाला विभूतीची बोटं, चाल इतकी चपळ की त्यांच्यामागून बांधावरून जाताना माझ्या बुटांतून धाप ऐकू येत होती. त्यांचं भावाशी बोलणं कन्नडात चाले आणि माझ्याशी मराठीत, पण रागवायचं असलं की त्या भाषा बदलत नसत, नुसत्या गप्प होत. हेही मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

त्याच दिवशी, म्हणजे अमावस्येच्या आदल्या दिवशी, मी वही घेऊन आक्कांबरोबर बांधावर फिरले. येळवशीच्या जेवणात मुख्य असते भज्जी. भजी नव्हे, भज्जी. त्यात रानातलं जे जे आहे ते एकेक मूठ पडतं: तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, चवळी, करडईची कोवळी पानं, अंबाडी, मेथी, कांदापात, वांगी, भुईमूग, चिंच, चार बोरं, आणि पाथरीसारखं आपोआप उगवलेलं तण.

"समद्यांला बोलवायचं बगा," आक्का म्हणाल्या. "कुणाला वगळलं तर ते रुसतंय. पुढल्या साली येत न्हाय."

"आणि एखादी गोष्ट आपल्या रानात नसेल तर बाजारातून आणायची?"

"छे! पाव्हण्याच्या पोराला आपलं म्हणून पंगतीत बसवायचं का?"

मंद्रूपच्या बाजारात हल्ली भज्जीच्या सगळ्या जिनसांचा तयार वाटाच मिळतो, हे मल्लिनाथांनी हळूच सांगितलं, तेही आक्का पुढे गेल्यावर. मग त्यांनी मला बांध दाखवला. दोन्हीकडे शेजाऱ्यांचा ऊस अगदी हातभर अंतरावर येऊन थांबला होता. "सणापायी हा बांध राहिलाय म्याडम," ते म्हणाले. "भज्जीला एकेक मूठ लागतंय म्हणून आक्का एकेक ओळ लावती. सण नसता तर मी पण कवाच उसाला दिला असता सगळा. शेतकरी म्हणून मला ह्यातलं काय परवडत न्हाय, पण आक्काला सांगणार कोण?"

मी एकतीस वर्षं विद्यार्थ्यांना जैवविविधतेचं महत्त्व शिकवलं होतं. ती टिकवण्यासाठी कायदे, अभयारण्यं, जनजागृती असे मुद्दे फळ्यावर लिहून दिले होते. एका म्हातारीला एका दिवसाच्या कालवणात काही कमी पडू नये असं वाटतं, हा मुद्दा माझ्या नोट्समध्ये कधीच नव्हता. मी तो वहीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि स्वतःवर खूश झाले.

बांधाच्या टोकाला कुंपणावर एक वाळून कोळ झालेला वेल होता. आक्का तिथे थांबल्या.

"ही काळी अवरी," त्या म्हणाल्या. अवरी म्हणजे आपल्या वालाची बहीण. तिचा दाणा काळा आणि कडेला पांढरी रेघ. "शेजारच्या पोरानं उसात तण मारायचं औषध मारलं. वारा इकडं होता. शेंग धरायच्या आतच जळाली."

मी वेल भिंगातून तपासला, जणू तो त्यामुळे हिरवा होणार होता, आणि आक्कांना त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं: लॅबलॅब पर्प्युरियस.

"एवढं लांब?" आक्का म्हणाल्या. "मग तुमी तिला हाक कशी मारता?"

मी विषय बदलून ती कुठून आणली ते विचारलं. आक्कांनी बांधावरच बसकण मारली. "आमच्यात लेक सासरी निघाली की ओटीत नारळाबरोबर मूठभर बी घालत्यात. माझी अव्वा, आई माझी, भीमेपलीकडनं हितं आली, कानडी मुलखातनं, तिच्या ओटीत ही आली. मी सासरी गेले तवा माझ्या ओटीत गेली. मालक वारले, मी माघारी आले, ही पण माझ्यासंगं माघारी आली."

"आणि आता पुढे?"

"पुढं कुटं? मला लेक न्हाय. मल्लूला दोन्ही पोरंच. पोरांच्या ओटीत काय घालणार?" त्या हसल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "असू दे. बी घरात हाय. मृगाला परत लावू. उद्या भज्जीत पाच दाणे घालायचे तेवढे. न्हायतर रुसंल."

मी वहीतल्या 'बियाण्याची उपलब्धता' या रकान्यात लिहिलं: घरात उपलब्ध. आणि समोर बरोबरची खूण केली.

मदत

त्या संध्याकाळी घरात गडबड उडाली होती. मल्लिनाथ आणि आक्का रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायला गेले होते. या कोपीत पाच दगड मांडून, त्यांना चुना लावून, पांडव म्हणून त्यांची पूजा होते. सुमित्रा चुलीपाशी बाजरीच्या उंड्यांचं, म्हणजे वाफवायच्या गोळ्यांचं, पीठ मळत होती. मी मधोमध बसून सगळ्यांच्या वाटेत येत होते. शेवटी मीच म्हटलं, मला काहीतरी काम द्या.

सुमित्राने बिचारीने सोपं काम दिलं. "फळीवरच्या डब्यातली चवळी, मटकी, हरभरा मूठमूठ भिजत घाला तेवढं."

ते मी घातलं. पाच मिनिटांत झालं. मग माझ्या मनात आलं की काळ्या अवरीचे दाणे राहिले. इकडेतिकडे पाहिलं तर चुलीच्या वर, आढ्याला, एक वाळलेला पोकळ भोपळा टांगलेला होता आणि त्याच्या तोंडाला चिंधीचा बोळा होता. मी स्टुलावर चढून तो काढला. आत राख होती आणि राखेत काळे दाणे. वही बाळगणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. बेचाळीस भरले.

आता माझा तर्क ऐका. पुण्यात आमच्याकडे डाळी-कडधान्यं किलोने असतात आणि मूठभर म्हणजे उद्याच्या उसळीपुरतं. तेव्हा घरात अवरीचं पोतं कुठेतरी असणार आणि हे मूठभर उद्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं असणार. पाचच घालायचे असले तरी चार जास्त भिजले तर काय बिघडतं? आणि राख? राख पाहून मला वाटलं, चुलीवर टांगल्यामुळे उडून आत गेली असेल. बियाणं राखेत ठेवलं की कीड लागत नाही, यावर मी स्वतः दर दोन वर्षांनी परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न काढत असे. पण तो प्रश्न प्रश्नपत्रिकेत होता, आणि ही राख माझ्या हाताला लागली होती.

मी ते बेचाळीस दाणे पाच पाण्यांनी धुतले. अगदी आरशासारखे चमकायला लागले. मग, लवकर भिजावेत म्हणून, कोमट पाण्यात घातले. हातासरशी भोपळाही आतून घासला आणि परत जागेवर टांगला. सुमित्राची पाठ माझ्याकडे होती. मी तिला काही सांगितलं नाही, कारण सकाळी सगळ्यांना चकित करायचं होतं.

येळवस

ते मात्र झालं.

उजाडता उजाडता आक्कांनी भोपळ्याला हात घातला. तो हलका लागला म्हणून त्यांनी कानाशी धरून हलवला. मग आत बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. मी उत्साहाने पातेलं पुढे केलं. "मीच भिजवलेत, आक्का. चांगले फुगलेत!"

आक्कांनी पातेल्यात पाहिलं आणि त्या होत्या तिथे खाली बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. सुमित्राने तोंडाला पदर लावला. मल्लिनाथ आले, त्यांनी पातेलं पाहिलं, भोपळा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सगळंच भिजवलं, म्याडम?"

"सगळं म्हणजे? पोत्यातलं असेल ना अजून?"

"पोतं कसलं? एवढंच होतं."

 मी चाचरत म्हणाले, "मग आपण उन्हात वाळवू या का पुन्हा?"

 साहेबाला चूक दाखवण्याची सवय मल्लिनाथांना नव्हती. "बी एकदा भिजलं की आतला कोंब जागा होतो. परत वाळवलं तर मरतो," ते मान खाली घालून म्हणाले. "हे तुमीच सांगत होता पोरांना. दरवर्षी. आदल्या दिवशी वाल मी भिजवून ठेवायचो."

हे खरं होतं. दरवर्षी ते भिजवत, मी शिकवत असे. एवढ्या वर्षांत तो धडा नक्की कोणाला कळला होता, याचा निकाल त्या सकाळी लागला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आक्कांच्या आईने नदीपलीकडून पदरात बांधून आणलेली गोष्ट मी एका रात्रीत उसळीच्या लायकीची करून ठेवली होती, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभी होते.

"मग लावूनच टाकायची," मी म्हणाले. "ओल्या फडक्यात बांधून ठेवली तर उद्यापर्यंत टिकेल. उद्या लावू."

"आज अमावस्या हाय म्हणून उद्या म्हणताय व्हय?" आक्कांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

आज लावणं शक्य नव्हतं खरं, पण कारण वेगळंच होतं, ते सुमित्राने मला समजावलं. येळवशीला रान जेवतं. त्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. जेवणाऱ्या बाईला कुणी टोचतं का?

आक्का पातेल्यातला एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहत होत्या. साल ताणून चिरली होती आणि पांढऱ्या रेघेपाशी कोंबाचं टोक दिसत होतं. "उद्या न्हाय," त्या म्हणाल्या. "हे निघालंय. जायाला निघालेल्याला दारात थांबवू ने."

"पण लोखंड..." सुमित्रा म्हणाली.

"लोखंड लावायचं न्हाय म्हणलंय. बोट लावायचं न्हाय असं कुणी म्हणलंय?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमीच जागं केलंय न्हवं? मग तुमीच निजवा."

दुपारी आम्ही सगळे कोपीकडे गेलो. डोक्यावर टोपल्या, घोंगडीत गुंडाळलेलं भज्जीचं पातेलं, ताकातली जोंधळ्याची आंबील मातीच्या घागरीत. आजूबाजूच्या उसातून लोकांची हसणी-बोलणी ऐकू येत होती. पूजा झाली. मग मल्लिनाथ आंबिलीचं मडकं घेऊन रानाच्या कडेने निघाले. आंबील शिंपडायची आणि मोठ्याने एक आरोळी द्यायची. ती आरोळी अर्धी कन्नड, अर्धी मराठी आहे आणि तिचा नेमका अर्थ मी चौघांना विचारला तर चार निघाले. त्यांच्या मागून ओल्या फडक्यात सदतीस दाणे घेऊन मी चालले. पाच भज्जीत गेले होते. तेवढे गेलेच पाहिजेत, यावर आक्का ठाम होत्या.

विहिरीच्या पाटाकडेची माती ओली होती. तिथे मी उकिडवी बसले. काळ्या मातीत बोट खुपसायचं, दाणा ठेवायचा, माती सारायची, वीतभर पुढे सरकायचं. वर्गात मी हे तीस सेकंदांत फळ्यावर काढत असे. प्रत्यक्षात दहाव्या दाण्याला माझी नखं गेली, पंधराव्याला गुडघे गेले आणि विसाव्याला तोल गेला. मी पाठीवर पडले ती थेट पाटात. टोपी वाहत निघाली. आणि ज्यांच्यासाठी मी एवढा खर्च केला होता, ते रबरी बूट पाण्याने भरले, पण वरून.

कोपीपाशी कुणीतरी फिसकलं. मान वळवून पाहिलं तर आक्का. पदर तोंडात कोंबला होता तरी हसू बाहेर येत होतं. "यव्वा, यव्वा," करत त्या धावत आल्या, मला हाताला धरून उठवलं, आणि माझ्या शेजारीच उकिडव्या बसल्या. उरलेले सतरा दाणे आम्ही दोघींनी मिळून लावले. त्यांचे बारा, माझे पाच.

मग जेवण. भज्जी हिरवट-काळी दिसते आणि तिला आंबट, तुरट, गोड, कडू सगळ्या चवी असतात. माझ्या ताटात त्या पाचांतला एक दाणा आला. मी तो डोळे मिटून चावला. खरं सांगायचं तर ज्या दाण्यासाठी एवढं महाभारत झालं, त्याची चव मला पावट्यापेक्षा वेगळी कळली नाही. आक्कांनी एका घासाला डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "आली." एवढ्या मोठ्या पातेल्यात पाच दाणे, आणि त्यांना ते कळले.

निघताना मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते मला न्हाय, तिला मागा. उगवली तर माफ केलं म्हणायचं."

पुणे

अवरी दिवस लहान असताना लावली तर घाईने फुलते आणि खुजी राहते, हे मला माहीत होतं. मी कुणाला बोलले नाही. या वेळी तरी माझं ज्ञान चुकीचं ठरावं, अशी माझी इच्छा होती. पुण्यात रोज सकाळी मी आधी फोन पाही, मग तोंड धुई. दहाव्या दिवशी मल्लिनाथांचा फोटो आला: मातीतून वर आलेल्या वाकड्या माना. "उंदरांनी थोडी खाल्ली. एकोणतीस हायत. आक्का रोज मोजती." पुढे वेल गुडघ्याएवढाच राहिला, आणि फुलला. वेलाला आडोसा म्हणून आक्कांनी आपलं जुनं लुगडं बांधलेलं एका फोटोत दिसत होतं. शेजारच्या उसाकडच्या बाजूने.

चैत्रात मल्लिनाथ पेन्शनच्या कामासाठी पुण्याला आले, ते थेट माझ्या घरी. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि गव्हाची पुडी काढली, आणि फार संकोचून उभे राहिले. "आक्कानं सांगितलंय तसं करतो. पदर पुढं करा म्हणालीय."

मी गाऊनवर होते. आतून ओढणी आणली आणि पुढे धरली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझी ओटी तोवर कुणी भरलेली नव्हती. आई गेली, आमची जागा विकली, तेव्हापासून माहेर हा शब्द मला कुठे वापरायची वेळ आली नव्हती. मल्लिनाथांनी खण ठेवला, नारळ ठेवला, गहू घातले आणि सगळ्यांत शेवटी एक पुरचुंडी सोडून ओढणीत रिकामी केली. राख उडाली. राखेत काळे दाणे होते.

"मूठभर तिकडं ठेवलेत, मूठभर हे," ते म्हणाले. "आक्का म्हणाली, लेकीला सांग, मृगाला कुंडीत लाव. येळवशीला पाच दाणे घेऊन ये. हितली गेली तर तुझ्याकडं असंल, तुझ्याकडची गेली तर हितं असंल." मग ते अडखळले. "आणि धुऊ नको म्हणालीय."

मला रडू आलं. मल्लिनाथांनी नेहमीप्रमाणे न पाहिल्यासारखं केलं आणि कपबश्या उचलून आत नेल्या.

ते गेल्यावर मी वही काढली. 'बियाण्याची उपलब्धता' या रकान्यात 'घरात उपलब्ध' खोडून 'दोन घरांत' असं लिहिलं. 'धोके' या रकान्यात ऊस आणि तणनाशक आधीच लिहिलेलं होतं. त्याखाली माझं नाव पदवीसकट लिहिलं. संस्थेच्या मुलीने फोन करून विचारलं, हे चुकून आलंय का. मी नाही म्हणून सांगितलं.

ओढणीवर राखेचा डाग पडला आहे. ती अजून धुतलेली नाही.